केसांची लांबी आणि पवित्र शास्त्र: १ करिंथ ११ शेवटपर्यंत वाचू या



आजचा विषय मी निवडलेला नाही. वडोदऱ्याहून एका ताईंचा फोन आला होता. तिथल्या एका मराठी मंडळीत त्या लहानपणापासून आहेत. त्यांची मुलगी बारावी झाली, कॉलेजला जाऊ लागली आणि तिने कमरेपर्यंतचे केस कापून मानेच्या वर आणले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तिला सांगण्यात आलं, केस वाढेपर्यंत गायनात उभी राहू नकोस, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी मागच्या बाकावर बस. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘शास्त्रात लिहिलंय.’ त्या दिवसापासून मुलगी मंडळीत येत नाही. ताई रडत नव्हत्या, कुणाची तक्रारही करत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “ब्रदर, शास्त्रात तसं असेल तर कुठे आहे ते दाखवा, मी मुलीला समजावते. आणि नसेल तर तेही स्पष्ट सांगा.”

असा प्रश्न आला की गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. म्हणून हा भाग.

आधी एक विनंती. १ करिंथ, अध्याय ११ उघडा आणि वचनं २ ते १६ स्वतः वाचून घ्या. हे पुस्तकरूपात वाचत असाल तर बोट तिथेच ठेवा. मी वचनं म्हणून दाखवणार नाही, त्यांचा अर्थ सांगणार आहे. मी पदरचं काही घातलं तर तुमच्या हातातलं पुस्तक मला पकडेल.

केस किती लांब असावेत याचं माप पवित्र शास्त्रात कुठेही नाही. फूट नाही, हात नाही, खांदा नाही, कंबर नाही. आकड्यात सांगितलेलं केसांचं माप मला एकाच ठिकाणी माहीत आहे, आणि तेही लांबीचं नसून वजनाचं आहे. २ शमुवेल १४ मध्ये दावीदपुत्र अबशालोम वर्षाकाठी केस कापायचा तेव्हा ते राजाच्या मापाने दोनशे शेकेल भरत, असं लिहिलंय. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर सव्वादोन किलोच्या वर. पुढे तो एला झाडात अडकून मारला गेला. त्यावरून ‘लांब केसांनी अबशालोमाचा घात केला’ असा उपदेश मी स्वतः दोन-तीनदा ऐकलाय. अध्याय १८, वचन ९ पाहा. तिथे त्याचं डोकं अडकलं असं आहे, केसांचं नाव नाही. केस आपण आपल्या मनाने अडकवतो.

आता करिंथ. हे शहर जुनं ग्रीक, पण पौलाने पाहिलेलं करिंथ मात्र रोमी होतं. इ.स.पूर्व १४६ मध्ये रोमनांनी जुनं करिंथ उद्ध्वस्त केलं. शंभर वर्षं ते जवळजवळ ओसाड पडलं. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमी वसाहत वसवली. पौल तिथे इ.स. ५० च्या आसपास पोचला आणि दीड वर्ष राहिला. गल्लियो सुभेदारासमोर त्याला उभं केलं ते इथेच, आणि त्या गल्लियोचं नाव डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात असल्यामुळे हा काळ आपल्याला बराच नेमका सांगता येतो.

ही माहिती एवढ्यासाठी दिली की आपण हा अध्याय बायकांचा समजतो, पण पौल सुरुवात पुरुषांपासून करतो. वचन ४ मध्ये तो म्हणतो, प्रार्थना करताना किंवा संदेश देताना पुरुषाने डोकं झाकू नये. करिंथात कोण पुरुष डोकं झाकत होता? रोमी माणूस देवांना अर्पण करताना आपल्या टोग्याचा पदर डोक्यावरून घेई. करिंथाच्या उत्खननात सम्राट ऑगस्टसचा असा डोक्यावर वस्त्र घेतलेला पुतळा सापडला आहे आणि तो तिथल्या संग्रहालयात आहे. म्हणजे मंडळीतला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ डोक्यावर वस्त्र घेऊन प्रार्थनेला उभा राहिला, की बाकीच्यांना देवळातला यज्ञ आणि त्याचा मान आठवणार.

आणि डोकं झाकणं हे मुळातच वाईट असतं, तर निर्गम २८ मध्ये अहरोनाला आणि त्याच्या मुलांना याजकसेवेसाठी शिरोवस्त्रं करायला देवाने सांगितलंच नसतं. तेच कापड एका ठिकाणी आज्ञा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी लाजिरवाणं. कापड काय सांगतं हे गावावर आणि वेळेवर ठरतं. आपल्याकडेही खेड्यातला म्हातारा माणूस देवळात शिरताना टोपी काढून हातात घेतो आणि तीच टोपी तो पाहुण्यांसमोर, लग्नात मुद्दाम नीट करून घालतो. त्याला कुणी याचा अर्थ शिकवलेला नसतो.

मग बायकांकडे येऊ. वचन ५ हळू वाचा. प्रार्थना करणारी किंवा संदेश देणारी स्त्री, असे शब्द आहेत. करिंथाच्या मंडळीत बायका सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करत होत्या, देवाचा संदेश सांगत होत्या, आणि पौल ते धरून चालतो. तो त्यांना थांबवत नाही. तो सांगतो ते इतकंच, की ते करताना डोक्याची मर्यादा सांभाळा. केसांची लांबी तपासणाऱ्या बऱ्याच जणांचं लक्ष या अर्ध्या वचनाकडे गेलेलं मी पाहिलेलं नाही. मुलीला गायनातून उतरवायला ज्या वचनाचा आधार घेतला, त्या वचनातली बाई उभी राहून बोलते आहे.

ही मर्यादा कापडाची की केसांची, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, डोक्यावर वस्त्र घेण्याचा विषय आहे. काही म्हणतात, केस मोकळे सोडण्या-बांधण्याचा. मला पहिलं पटतं, कारण रोमी घरातली विवाहित स्त्री बाहेर पडताना डोक्यावरून वस्त्र घेई आणि ते तिच्या मानाचं लक्षण होतं. आपल्या आज्या डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, तसं. पण कुठलंही मत घेतलं तरी वचन ५ आणि ६ मध्ये पौल कात्रीला हात घालायला सांगत नाही. तो म्हणतो, डोकं उघडं टाकणं म्हणजे मुंडन केल्यासारखं आहे. आणि मुंडन करणं जर स्त्रीला लाजिरवाणं असेल, तर तिने आच्छादन घ्यावं.

‘जर’ हा शब्द खाली रेघ मारून ठेवा. तो ग्रीकमध्ये आहे, मराठीत कुणी मागून घातलेला नाही.

मुंडन स्त्रीला लाजिरवाणं का, हे मराठी माणसाला समजावायला ग्रीक शिकवावं लागत नाही. आपल्याच पणज्यांच्या काळी कित्येक घरांत नवरा गेला की बाईला न्हाव्यापुढे बसवत. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात या चालीबद्दल लिहिलं आहे. १८९० साली मुंबईत न्हावी मंडळींनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांची केशवपनं करायला नकार दिला. त्या बाईच्या केसांत पाप नव्हतं की पुण्य नव्हतं. डोक्यावरून वस्तरा फिरवून समाज तिला सांगत होता, तुझा मान आता संपला. पौलाला नेमकं हेच मंडळीत नको आहे. उपासनेत कुणाच्या डोक्यावर लाज बसू नये, यासाठी त्याची सगळी खटपट आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सगळीकडे फिरतो. ‘करिंथात आखूड केस म्हणजे वेश्या, म्हणून पौलाने मनाई केली.’ याला आधार म्हणून स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकाराचा दाखला देतात. स्ट्रॅबोने करिंथच्या ॲफ्रोडाइटी देवीच्या देवळाशी जोडलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांबद्दल लिहिलं आहे खरं. पण ते जुन्या, उद्ध्वस्त होण्याआधीच्या करिंथाबद्दल, आणि त्यात त्यांच्या केसांविषयी एक अक्षर नाही. एका कॉलेजकन्येचे केस पाहून तिच्याबद्दल असला शब्द मनात आणण्याआधी निदान पुरावा तरी पाहावा.

उलट पवित्र मुंडनही होतं. गणना ६ मध्ये नाजीराचा नवस आहे. नवस असेपर्यंत द्राक्षरस नाही, द्राक्षंसुद्धा नाहीत, प्रेताजवळ जायचं नाही, डोक्याला वस्तरा लावायचा नाही. मुदत भरली की डोकं मुंडायचं आणि ते केस शांत्यर्पणाखालच्या अग्नीत टाकायचे. हा नवस पुरुषाने किंवा स्त्रीने करावा, असं दुसऱ्याच वचनात स्पष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये २५ मध्ये अग्रिप्पा राजाबरोबर येणारी बर्णीका आठवते? योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो की इ.स. ६६ मध्ये ती असाच नवस फेडायला यरुशलेमेत होती, आणि अशा नवसात डोकं मुंडण्याची रीत होती. म्हणजे त्याच काळात एका बाईचं मुंडलेलं डोकं लाजेचं होतं आणि दुसरीचं देवाला दिलेल्या शब्दाचं. नुसत्या केसांकडे पाहून कुणाला काय कळणार?

आता वचन १४. पुरुषाने केस वाढवणं हा त्याचा अपमान आहे, असं निसर्गच शिकवतो, असा त्याचा आशय. या वचनाशी माझा हिशोब बाकी आहे, तो सांगूनच पुढे जातो.

साधारण वीस वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीतला तरुण संघ पाहत होतो. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा गिटार वाजवायचा. केस खांद्यापर्यंत, मागे रबर लावलेलं. एका ज्येष्ठ सभासदांना ते खपेना. मी त्या मुलाला उपासनेनंतर गाड्या लावायच्या जागेत नेलं, पुस्तक उघडलं आणि वचन १४ वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, मग हॉलमधल्या कॅलेंडरवर येशूचे केस लांब कसे?” मला उत्तर सुचेना. मी ठोकून दिलं, “तो नाजीर होता.” मुलगा “बरं” म्हणाला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

माझं उत्तर साफ चुकीचं होतं. येशू नासरेथकर होता. नासरेथ हे गाव आणि नाजीर हा नवस. दोन शब्द कानाला सारखे लागतात एवढंच. प्रभूने द्राक्षरस घेतला, याईराच्या मेलेल्या मुलीचा हात धरला. नाजीराला दोन्ही चाललं नसतं. आणि चार शुभवर्तमानांत त्याच्या केसांचं वर्णन एकदाही नाही. सिरियातल्या डुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं आहे, जिथे ख्रिस्ती लोक जमत. त्याच्या भिंतीवरच्या चित्रांत येशू आखूड केसांचा, दाढी नसलेला तरुण आहे. लांब केसांचा, दाढीवाला येशू चित्रांतून रुळला तो चौथ्या शतकापासून पुढे. आणि आमच्या हॉलमधलं ते कॅलेंडर, तसं तुमच्याही घरात असेल, ते वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराच्या १९४० सालच्या चित्रावरून छापलेलं होतं. पौलाच्या काळचे बहुतेक रोमी आणि यहूदी पुरुष केस आखूडच ठेवत. माझ्यापेक्षा त्या मुलाचा प्रश्न जास्त शास्त्राला धरून होता.

आणि ‘निसर्ग’ म्हणजे काय, हे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. वस्तरा न लावता सोडले तर पुरुषाचेही केस वाढतात; निसर्ग कापायला येत नाही. करिंथहून दक्षिणेला, त्याच द्वीपकल्पात स्पार्टा आहे. तिथले योद्धे लांब केसांबद्दल प्रसिद्ध होते आणि त्यांना त्यात मर्दानगी वाटे. करिंथकरांना हे ठाऊक नसणं शक्य नाही. तेव्हा पौलाचा ‘निसर्ग’ म्हणजे त्या पिढीतल्या माणसांना स्वाभाविक, शोभेसं वाटणारं काहीतरी. त्या काळचे तत्त्वज्ञ हा शब्द असाच वापरत. एपिक्टेटस दाढीबद्दल म्हणतो की पुरुष ओळखू यावा म्हणून निसर्गाने ती दिली. पौल स्वतः रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात म्हणतो, देवाने रानटी जैतुनाच्या फांद्या निसर्गाविरुद्ध चांगल्या झाडाला कलम केल्या. त्या फांद्या म्हणजे तुम्ही-आम्ही, परराष्ट्रीय. तिथे निसर्गाविरुद्ध जाणारा देवच आहे.

यात सगळ्यात मोठी गोष्ट मी इतकी वर्षं वाचूनही पाहिली नव्हती. प्रेषितांची कृत्ये १८:१८. पौल करिंथ सोडून निघाला तेव्हा त्याने किंख्रिया इथे डोक्याचे केस कापले, कारण त्याचा नवस होता. काही जण वाक्यरचनेवरून हे अक्विल्लाबद्दल आहे म्हणतात, पण बहुतेक जण पौलच समजतात आणि मलाही तेच दिसतं. किंख्रिया म्हणजे करिंथचंच बंदर, दोन-तीन तासांच्या चालीवर. नवसाचे केस आदल्या दिवशी वाढत नाहीत. म्हणजे करिंथाच्या मंडळीने आपल्या प्रेषिताला बहुधा वाढलेल्या केसांत पाहिलं होतं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांच्या हातात हे पत्र पडलं. गाड्या लावायच्या जागेत उभा राहून मी वचन १४ वाचत होतो तेव्हा लिहिणाऱ्याचं डोकं कसं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

मग पौलाला स्त्री-पुरुषांत काही फरकच नको होता का? असं मी म्हणणार नाही. वचन १५ मध्ये तो स्त्रीचे लांब केस तिची शोभा म्हणतो आणि ते मनापासून म्हणतो. पुरुष पुरुषासारखा आणि स्त्री स्त्रीसारखी उपासनेला उभी राहावी, हा आग्रह या परिच्छेदात आहे. तो पुसून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण शोभा आणि आज्ञा यांत फरक आहे. शोभा कमी झाली म्हणून शिक्षा द्या, असं पुढे कुठे आहे? वचन १३ मध्ये तो त्यांनाच सांगतो, तुम्हीच आपसांत ठरवा. वचन ११ आणि १२ मध्ये तर तो आपलं आधीचं बोलणं सावरून घेतो: प्रभूमध्ये स्त्री पुरुषाशिवाय नाही, पुरुष स्त्रीशिवाय नाही, आणि सर्व देवापासून आहे. दहाव्या वचनातल्या देवदूतांना मी आज हात लावत नाही. त्याला वेगळा तास हवा.

आता तोच अध्याय पुढे वाचा. आपण १६ व्या वचनाला पुस्तक मिटतो, हीच खरी अडचण आहे.

वचन २ मध्ये पौल करिंथकरांची प्रशंसा करतो: मी दिलेल्या गोष्टी तुम्ही धरून ठेवल्यात. मग डोक्याचा विषय येतो, तो त्याने समजावून, प्रश्न विचारून, युक्तिवाद करून मांडला. आणि वचन १७ ला सूर बदलतो. आता मी तुमची प्रशंसा करत नाही, असं तो म्हणतो, आणि वचन २२ मध्ये परत तेच. कशामुळे? प्रभुभोजनासाठी एकत्र येताना ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून, पिऊन बसत आणि गरीब उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हा त्याचा आरोप आहे. यासाठी तो न्यायदंडाची भाषा वापरतो. तुमच्यात पुष्कळ आजारी आहेत, कित्येक मेले, ते यामुळे, इथपर्यंत जातो. केसांच्या पंधरा वचनांत असा एकही शब्द नाही.

म्हणजे एकाच अध्यायात डोकं कसं असावं हे समजुतीने सांगितलंय, आणि प्रभूच्या मेजावर भावाला-बहिणीला लाजवणं हा मोठा अपराध म्हटलंय. आणि वडोदऱ्यात काय झालं? अध्यायाच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी एका मुलीला मेजावर लाजवलं गेलं. दुसरा अर्धा भाग जे करू नका म्हणतो, ते पहिल्याच्या नावाने केलं.

बाहेरच्या रूपाबद्दल आणखी दोन वचनं नेहमी पुढे येतात, १ तीमथ्य २:९ आणि १ पेत्र ३:३. केस गुंफणं, सोनं, मोती, वस्त्रं. यांचा अक्षरशः अर्थ घेतला तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी घालून गेलेली प्रत्येक मुलगी दोषी. पेत्राच्या ग्रीक वाक्यात तर ‘भारी’ हा शब्दही नाही, नुसतं वस्त्रं घालणं आहे. अक्षर धरून बसलं तर कपडेच सोडावे लागतील. त्या वेण्या कुठल्या होत्या ते पाहा. श्रीमंत रोमी घरांत खास दासी मालकिणीच्या केसांची रचना करत, त्यात सोनं-मोती गुंफत. प्लिनीने लोलिया पौलिना नावाच्या बाईबद्दल लिहून ठेवलंय, साखरपुड्याच्या एका जेवणात तिच्या डोक्यावर, कानांत, गळ्यात, बोटांत चार कोटी सेस्टर्सचे पाचू-मोती होते. रोमी सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा नऊशे सेस्टर्स होता. आता कल्पना करा, घरातल्या मंडळीत अशी एक बाई आणि तिच्या शेजारी, त्याच भाकरीची वाटेकरी, तिची वेणी घालणारी दासी. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली काळजी त्या दासीची आहे असं मला वाटतं. आज तेच वचन लागू करायचं झालं तर मी आखूड केसांच्या मुलीकडे जाणार नाही. ख्रिसमसच्या उपासनेत पहिल्या रांगेत बसून साडीची किंमत सांगणाऱ्यांकडे जाईन.

आणि ‘देव हृदय पाहतो, बाहेरचं कशाला बघता’ हे १ शमुवेल १६:७ तरुण मुलं मला ऐकवतात. ते वचन त्यांना सांगितलेलं नाही, शमुवेलाला सांगितलंय. इशायाचा थोरला मुलगा एलीयाब उंचापुरा दिसला आणि संदेष्टासुद्धा भुलला, तेव्हा देवाने त्याला टोकलं. पारखणाऱ्याला दिलेली ती ताकीद आहे. आपण कसेही वागायला ती परवानगी होत नाही. गंमत म्हणजे पाच वचनांनंतर लेखक दावीद दिसायला किती सुंदर होता ते सांगतोच.

तर ताईंना मी काय सांगितलं? केस कापले म्हणून कुणाला गायनातून काढा किंवा मेजावर मागे बसवा, असं शास्त्रात नाही. तुमच्या मंडळीत प्रार्थनेच्या वेळी बायका पदर किंवा ओढणी घेत असतील तर मुलीनेही घ्यावी. त्यात तिचं काही जात नाही आणि करिंथाच्या बायकांना पौलाने मागितलं ते एवढंच होतं. पाळकांशी भांडू नका. त्यांना आणि वडील मंडळींना म्हणा, आपण एक संध्याकाळ बसून हा अध्याय एकत्र वाचू या, वचन २ पासून ३४ पर्यंत, मध्ये न थांबता.

मुलगी फोनवर आली. तिने एकच विचारलं, “सर, मला टायफॉइड होऊन केस गेले असते, तर मला गाऊ दिलं असतं ना?” मी म्हटलं, दिलं असतं, वर प्रार्थनाही केली असती. ती म्हणाली, “मग केसांचा प्रश्नच नव्हता.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती बरोबर होती. प्रश्न तिने कुणाला न विचारता कापले याचा होता, आणि त्यासाठी वचन नंतर शोधलं गेलं. मीही त्या गिटारवाल्या मुलाला तसंच केलं होतं. आधी नाराजी, मग वचन. मागच्या वर्षी त्याचा नंबर मिळाला. मी फोन केला, चुकलो म्हणालो, नाजीर आणि नासरेथकर हेही सांगितलं. तो हसला, “सोडा सर, किती वर्षं झाली,” म्हणाला आणि त्याच्या शहरातल्या पावसाबद्दल बोलत राहिला. मंडळीत जातोस का, हे विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

वडोदऱ्याच्या पाळकांनी एकत्र वाचायला बसायचं कबूल केलं आहे, दिवस अजून ठरायचा आहे. दागिन्यांबद्दल, विशेषतः केरळातल्या बऱ्याच पेन्टेकॉस्टल मंडळ्या सोनं घालत नाहीत आणि आपल्याकडे मंगळसूत्र ठेवावं की नाही, याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. ते पुढच्या भागात घेतो. तोपर्यंत यशयाचा ३ रा अध्याय वाचून ठेवा, आणि त्यातली दागिन्यांची यादी येण्याआधीची वचनं, १३ ते १५, गाळू नका.